जुन्या जहाजाचा नवा दुभाषी

कोल्हापूरला समुद्र नाही. येथील पंचगंगा समुद्राकडे पाठ करून पूर्वेला वाहते आणि कृष्णेला मिळते. पश्चिमेचा किनारा सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर, पण मध्ये सह्याद्री आडवा. असे असूनही कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात समुद्राचा एक देव आहे. देव आपल्याकडचा नव्हे, ग्रीकांचा पोसायडन. मूर्ती ब्राँझची असून उंचीला वीतभरही नाही. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील ही रोमन कारागिरी आहे, असे अभ्यासक मानतात.

शाळेची सहल या मूर्तीसमोर आली की एखादा मुलगा हमखास विचारतो, ‘‘ही इथे कशी आली?’’ आपण सांगतो, ‘‘व्यापारातून.’’ उत्तर बरोबर आहे, पण या उत्तराने मुलांचे कुतूहल तिथेच थांबते. खरे तर पुढचा प्रश्न यायला हवा: व्यापारातून म्हणजे कशातून? कोणत्या जहाजातून? ते जहाज लाकडाचे होते हे ठीक, पण त्याच्या फळ्या एकमेकींना कशाने जोडल्या होत्या? शीड किती होते? सुकाणू कुठे होते? वारा पडला की खलाशी काय करीत?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा एक मार्ग म्हणजे तसे जहाज पुन्हा बांधून पाहणे. जगात अशी अनेक प्रतिकृती-जहाजे बांधली गेली आणि त्यांच्याबरोबर एक नवे कामही जन्माला आले. जहाजावर येणाऱ्या पाहुण्यांना त्या काळाची ओळख करून देणाऱ्या माणसाचे हे काम. त्याला ‘गाइड’ म्हणणे पुरेसे नाही. भूतकाळाची भाषा आणि आजची भाषा या दोन्हींत त्याची ये-जा असते, म्हणून आम्ही त्याला ‘दुभाषी’ म्हणू. अशा जहाजावर उद्या एखादा तरुण नव्याने रुजू होणार असेल, तर त्याने आधी काय शिकावे? त्याचा धडा आपल्याला वर्गातही उपयोगी पडणारा आहे.

टेकाड, वारा आणि बंदर

प्रथम आपल्या मूर्तीकडे पाहू. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे पांढरीच्या मातीचे टेकाड आहे. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे पद्धतशीर उत्खनन केले. सातवाहनांच्या काळातील विटांची घरे आणि नाणी तेथे मिळाली. याच टेकाडातून ब्राँझच्या वस्तूंचा एक मोठा साठाही बाहेर आला. पोसायडन त्यांतलाच. म्हणजे सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी या गावाचा दूरच्या जगाशी संबंध होता, हे जमिनीनेच सांगितले.

त्या काळच्या सागरी व्यापाराचे वर्णन ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात आहे. पहिल्या शतकातील या पुस्तकात पैठण आणि तेर (तगर) ही आतली नगरे येतात. भडोच, सोपारा, कल्याण, चौल ही बंदरेही येतात. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत. नैर्ऋत्य मोसमी वारा पाठीशी घेऊन ती अरबी समुद्र ओलांडत. हिवाळ्यात वारा उलटतो आणि ईशान्येकडून वाहू लागतो. त्या वाऱ्यावर ती परत जात. आपण भूगोलात शिकवतो तेच हे मोसमी वारे. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, हिवाळ्यात ती अधिक लवकर निवते, या साध्या भौतिक गोष्टीवर त्या व्यापाराचे वेळापत्रक बसलेले होते.

व्यापार एकतर्फी नव्हता. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके या बंदराच्या उत्खननात भारतीय घाटाच्या रांजणात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरी मिळाली. भारतातून गेलेल्या सागाची लाकडेही तेथे सापडली. २०२३ मध्ये तेथील देवळात मिळालेल्या एका बुद्धमूर्तीची वार्ता प्रसिद्ध झाली. ही मूर्ती भूमध्य समुद्राच्या बाजूच्या संगमरवरातून घडवलेली आहे. कोल्हापुरात ग्रीक समुद्रदेव आणि इजिप्तच्या किनाऱ्यावर बुद्ध! या दोन मूर्ती शेजारी ठेवून मुलांना दाखवल्या तर ‘सागरी व्यापार’ या दोन शब्दांत किती माणसे, किती भाषा आणि किती देव मावतात याची त्यांना कल्पना येईल.

चित्रातले जहाज पाण्यावर

आता जहाजाकडे वळू. भारतात या दिशेने अलीकडे एक मोठा प्रयोग झाला. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत जहाजाचे एक चित्र आहे. त्यातील पाचव्या शतकातील जहाजासारखे जहाज बांधायचे ठरले. जुलै २०२३ मध्ये केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, भारतीय नौदल आणि गोव्यातील होडी इनोव्हेशन्स ही जहाज बांधणारी संस्था यांच्यात करार झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये जहाजाचा कणा, म्हणजे तळाचे मुख्य लाकूड, बसवला गेला. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली काम झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरले आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. नाव ठेवले ‘कौंडिण्य’. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ च्या मध्यास ओमानमधील मस्कत बंदरात पोचले. निघण्याचा महिना पाहा. ईशान्य वाऱ्याचा हाच काळ!

हे जहाज सुमारे वीस मीटर लांब आहे. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. ‘शिवलेल्या’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यायचा. फळ्या कडेला कड लावून बसवतात. दोन्ही कडांजवळ ओळीने भोके पाडतात. सांध्यावर नारळाच्या सोडणाच्या तंतूंची वळी ठेवतात आणि तिच्यावरून काथ्याची दोरी आडवी-तिरपी ओढून घट्ट आवळतात. भोके आणि सांधे राळेने बुजवतात. जहाज पाण्यात उतरले की लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आणखी आवळले जातात. पावसाळ्यात घराचे दार चौकटीत अडकते, त्याच गुणधर्माचा येथे फायदा होतो.

शिवणीचा दुसरा गुण म्हणजे लवचीकपणा. लाट आदळली की शिवलेले जहाज किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. त्याचा तोटाही आहे. पाणी झिरपत राहते, उपसत राहावे लागते, दोऱ्यांची निगा राखावी लागते. केरळातील केट्टुवल्लम या होड्यांत शिवणीची ही विद्या टिकून राहिली, म्हणून तर पाचव्या शतकातील चित्रातले जहाज एकविसाव्या शतकात शिवता आले. ही विद्या कागदावर फारशी उतरलेली नाही. दोरी किती ओढायची, कोणत्या आवाजाला थांबायचे, हे हातांना माहीत असते. ते हात नाहीसे झाले की ग्रंथालय कितीही मोठे असो, त्याचा उपयोग नाही.

चित्रावरून जहाज बांधणे वाटते तितके सोपे नाही. चित्रकाराला गोष्ट सांगायची होती, जहाजाचा आराखडा द्यायचा नव्हता. चित्रात शीड दिसते, डोलकाठ्या दिसतात, मागे दोन्ही अंगांना सुकाणूची मोठी वल्ही दिसतात. पण पाण्याखालचा भाग दिसत नाही. जहाज लाटेत उलटणार की तरंगणार हे तर त्याच भागावर अवलंबून! म्हणून मद्रासच्या आयआयटीमधील सागरी अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने जहाजाच्या लहान नमुन्याच्या चाचण्या घेण्यात आल्या. म्हणजे या जहाजात अजिंठ्याचा चित्रकार आहे, केरळचा कारागीर आहे आणि आजचा अभियंताही आहे.

नव्या माणसाचा पहिला धडा

अशा जहाजावर दुभाषी म्हणून रुजू झालेल्या माणसाची पहिली अडचण येथेच सुरू होते. पाहुणा जहाजावर पाऊल ठेवतो आणि म्हणतो, ‘‘म्हणजे त्या काळी अगदी असेच जहाज होते तर!’’ ‘‘होय’’ म्हटले की पाहुणा खूश होतो. पण उत्तर खोटे ठरते. ‘‘सांगता येत नाही’’ म्हटले तर पाहुणा निराश होतो, आणि तेही पूर्ण खरे नाही, कारण पुष्कळ काही सांगता येते.

यावर उपाय म्हणजे जहाजावरील प्रत्येक वस्तू मनातल्या मनात चार कप्प्यांत घालण्याची सवय. पहिला कप्पा पुराव्याचा: चित्र, शिल्प, नाणे, ग्रंथ, उत्खनन यांत जे प्रत्यक्ष मिळाले ते. दुसरा परंपरेचा: आजही जे कारागीर करतात आणि ज्यावरून पूर्वीचे ताडता येते ते. तिसरा अंदाजाचा: पुरावा नव्हता म्हणून विचारपूर्वक ठरवलेले. चौथा तडजोडीचा आणि सजावटीचा: सुरक्षेसाठी, सोयीसाठी किंवा शोभेसाठी केलेले.

‘कौंडिण्य’वर हे कप्पे लावून पाहू. सुकाणूची वल्ही पहिल्या कप्प्यात जातात. काथ्याची शिवण मुख्यतः दुसऱ्या कप्प्यात. शिवलेल्या होड्यांचा उल्लेख ‘पेरिप्लस’मध्येही आहे, म्हणून तिला पहिल्याचाही आधार मिळतो. पाण्याखालच्या भागाचा आकार तिसऱ्यात. आता शिडावर पाहा. तेथे गंडभेरुंड हा दोन तोंडांचा पक्षी आणि सूर्य आहे. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, सिंहयाळी कोरलेला आहे. फळीवर हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर ठेवला आहे. गंडभेरुंड गोव्याच्या कदंबांशी जोडला जातो, अजिंठ्याचे चित्र पाचव्या शतकातले, आणि हडप्पा संस्कृती त्याच्याही अडीच-तीन हजार वर्षे आधीची. ही चिन्हे देशाच्या लांब सागरी परंपरेची आठवण म्हणून एकत्र आणली आहेत. म्हणून ती चौथ्या कप्प्यात. दुभाष्याने हे सांगितले नाही, तर एखादे मूल हडप्पाचा नांगर आणि कदंबांचे चिन्ह एकाच काळातले समजून घरी जाईल.

नावाचेही तसेच. कौंडिण्य हा समुद्र ओलांडून आग्नेय आशियात गेलेला भारतीय पुरुष, अशी आख्यायिका आहे. चिनी बखरींतून आणि तिकडच्या लेखांतून ती आपल्यापर्यंत आली. आख्यायिका म्हणून ती जरूर सांगावी. गोष्टीमुळे मुले जहाजाकडे ओढली जातात. फक्त सांगताना ‘अशी कथा आहे’ हे तीन शब्द गाळू नयेत.

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील प्लिमथ येथे ‘मेफ्लॉवर दुसरे’ हे जहाज आहे. १६२० मध्ये इंग्लंडहून तेथे स्थलांतरितांना नेणाऱ्या मूळ मेफ्लॉवरचा आराखडा उरलेला नव्हता, म्हणून त्या काळच्या इतर जहाजांच्या माहितीवरून हे नवे जहाज बांधले आणि १९५७ मध्ये ते शिडांवर अटलांटिक पार करून गेले. पाहुण्यांसाठी त्यात विजेचे दिवे आणि खालच्या मजल्यावर उतरायला जिना आहे. हा उघड चौथा कप्पा! तेथील वस्तुसंग्रहालयात माहिती सांगण्याच्या दोन पद्धती रूढ झाल्या. एकीत सांगणारा त्या काळचे कपडे घालून, त्या काळचा माणूस म्हणूनच बोलतो. आगगाडीबद्दल विचारले तर त्याला ती ठाऊक नसते. दुसरीत सांगणारा आजचाच माणूस राहतो आणि आज उपलब्ध असलेल्या पुराव्यांबद्दल बोलतो. पहिल्या पद्धतीत जिवंतपणा आहे, पण ‘हे आम्हाला कसे कळले’ असे त्या पात्राला सांगता येत नाही. शिक्षकाला दोन्ही साधायला हव्यात. नाट्य करावे, आणि मग टोपी उतरवून पुरावा दाखवावा.

पोचले म्हणजे सिद्ध झाले का?

दुभाष्यापुढचा दुसरा मोह अभिमानाचा. ‘‘आमचे जहाज मस्कतला पोचले, म्हणजे आमचे पूर्वज असेच गेले हे सिद्ध झाले!’’ येथे थांबून विचार करायला हवा. प्रयोगाने सिद्ध होते ते एवढेच, की असे करता येते. असे केले गेले होते का, हे ठरवायला वेगळा पुरावा लागतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण कॉन-टिकी तराफ्याचे. नॉर्वेचा थोर हायरडाल १९४७ मध्ये पेरूहून हलक्या बाल्सा लाकडाच्या तराफ्यावर निघाला आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियाच्या बेटांवर पोचला. पॉलिनेशियात पहिली वस्ती दक्षिण अमेरिकेतून झाली, असे त्याला दाखवायचे होते. सफर यशस्वी झाली, पण सिद्धान्त टिकला नाही. भाषा, उत्खनन आणि आनुवंशिकी या तिन्हींनी तेथील वस्ती पश्चिमेकडून, आशियाच्या बाजूने आली हे दाखवले. पुढे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास दक्षिण अमेरिकेशी काही संपर्क झाल्याच्या खुणा मिळाल्या. म्हणजे प्रश्न ‘खरे की खोटे’ इतका सरळ नव्हताच.

फसलेले प्रयोगही शिकवून जातात. कांस्ययुगातील ओमानचे लोक सिंधू संस्कृतीशी व्यापार करीत. त्यांच्या होडीसारखी, बोरूच्या जुड्या बांधून वर डांबर फासलेली होडी २००५ मध्ये तयार केली गेली. ती ओमानहून गुजरातेतील मांडवीकडे निघाली आणि काही तासांतच पाण्याने भरून बुडाली. खलाशी वाचले. यावरून कांस्ययुगात व्यापार नव्हता असे म्हणायचे का? मुळीच नाही, तो व्यापार उत्खननातून पक्का माहीत आहे. बुडाली ती आपली समजूत, की ही होडी अशीच बांधत असावेत.

काही प्रयोग तर न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतात. टिम सेव्हरिनने १९८० मध्ये ओमानमधील सूर येथे ‘सोहार’ हे शिवलेले अरबी जहाज बांधवून घेतले. लाकूड आणि काथ्या भारताच्या किनाऱ्यावरचा, आणि शिवणारे हात लक्षद्वीपचे. नोव्हेंबर १९८० मध्ये निघालेले हे जहाज जुलै १९८१ मध्ये चीनमधील कँटनला पोचले. वाटेत श्रीलंका आणि सुमात्रा यांच्या दरम्यान वारा पडला आणि ते आठवडेच्या आठवडे समुद्रात रखडले. आपल्या पाठ्यपुस्तकांतील नकाशांवर व्यापारी मार्ग बाणांनी दाखवलेले असतात. बाण कधी थांबत नाही. खलाशी मात्र थांबत. पाणी मोजून पीत, वाऱ्याची वाट पाहत. नकाशात न दिसणारी ही वाट पाहणी ‘सोहार’ने दाखवून दिली.

पोसायडनचे जहाज कोणते?

आता आम्ही कोल्हापूरकरांसाठी खास असा एक मोह. पोसायडन समुद्रावरून आला आणि ‘कौंडिण्य’ प्राचीन जहाजाची प्रतिकृती आहे, तेव्हा ‘अशाच जहाजातून ही मूर्ती आली’ असे वाक्य जिभेवर येते. ते गिळायला हवे. मूर्ती पहिल्या-दुसऱ्या शतकातली, चित्रातले जहाज पाचव्या शतकातले. मध्ये किमान दोनशे वर्षे गेली. शिवाय इजिप्तकडून येणारी रोमन जहाजे भूमध्य समुद्राच्या पद्धतीने बांधलेली असत. त्यांत फळ्यांच्या कडांत खाचा पाडून लाकडी जिभा बसवत आणि त्या खुंट्यांनी पक्क्या करत. मूर्ती अशा जहाजातून आली असेल, किंवा अरबी वा भारतीय तारवातूनही आली असेल. बंदरावरून घाट चढताना ती बैलाच्या पाठीवर असेल. पूजेसाठी आली, भेट म्हणून आली, की मोडीच्या धातूबरोबर, याबद्दल मूर्ती काही सांगत नाही.

मग दोन्हींचा संबंध काय? मूर्ती सांगते की माणसे समुद्रावरून ये-जा करीत होती. जहाज सांगते की अशी ये-जा करायला काय काय लागत होते: लाकूड, दोरी, राळ, वारा, हातांतील कसब आणि धीर. पहिल्या गोष्टीची तारीख पक्की, दुसरीची प्रक्रिया पक्की. दोन्ही शेजारी ठेवाव्यात, पण एकीत मिसळू नयेत.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षकमित्रांना यातून दोन-तीन गोष्टी सहज करता येतील. पातळ प्लायवूडचे दोन तुकडे घ्या. कडेला कड लावून भोके पाडा आणि मुलांना सुंभाने शिवायला सांगा. दुसरी जोडी खिळे आणि पट्टीने ठोका. दोन्हींना मधोमध हळूहळू वाकवून पाहा आणि कोणती जोडी कुठे तुटते ते टिपून ठेवा. त्यानंतर साध्या लाकडाची एक पट्टी मोजून रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. लांबी जवळजवळ तेवढीच राहते, रुंदी मात्र वाढते. असे का, हा प्रश्न लाकडाच्या तंतूंच्या दिशेपर्यंत नेतो.

तिसरी गोष्ट वस्तुसंग्रहालयातली. सहलीत प्रत्येक मुलाला एक वस्तू वाटून द्या आणि इतरांना तिची माहिती सांगायला लावा. अट एकच: प्रत्येक वाक्यानंतर ते कोणत्या कप्प्यातले हे सांगायचे. पुरावा, परंपरा, अंदाज की सजावट? पहिल्यांदा मुले अडखळतील. ‘‘ही मूर्ती रोमन आहे’’ हे कोणत्या कप्प्यात? घडणीवरून काढलेला निष्कर्ष, पण भक्कम. ‘‘ही एका श्रीमंत व्यापाऱ्याची होती’’ हे? अंदाज. ‘‘व्यापाऱ्याने ती समुद्रात रक्षण व्हावे म्हणून जवळ ठेवली होती’’ हे? येथे वर्गात वाद होईल. तो होऊ द्यावा. मुले एकमेकांना ‘‘तुला कसे माहीत?’’ असे विचारू लागली की आपण थोडे मागे सरून उभे राहावे आणि फक्त ऐकावे.